दोन लाख किलोमीटर झालेला गिअरबॉक्स

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घातला की मी उभी राहते, चालते, जिनेही चढते. फक्त त्या पायानं काही दाबता येत नाही. त्यामुळे क्लचची गाडी माझ्यासाठी नव्हतीच. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले तेव्हा पहिली काही वर्षं कंपनीच्या बसनं गेले. बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याएवढी. रोज सकाळी चिंचवडच्या स्टॉपवर कुणीतरी वरून हात द्यायचं, कुणीतरी खालून पिशवी धरायचं आणि अख्खी बस माझी वाट बघत थांबायची. कुणी कधी वाईट बोललं नाही. पण रोजच्या रोज उपकार घेऊन कामाला जाणं कसं असतं, ते घेणाऱ्यालाच कळतं.

म्हणून एकतिसाव्या वर्षी मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तेव्हा अशा गाड्या फार नव्हत्या. होत्या त्यातली ही एक साधी, चार गिअरची सेडान. शोरूमच्या दारात मी पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा पाय हातानं उचलावा लागला नाही. दार पुरेसं उघडत होतं, सीट बरोबर माझ्या कमरेच्या उंचीची होती. मी बसले आणि कॅलिपरसकट पाय आत आला. तेवढ्यावरच मी हो म्हणाले. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, रंग तरी बघितलास का?" रंग मी खरंच बघितला नव्हता.

निगडी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण. पंधरा वर्षं हाच रस्ता. काट्यावर दोन लाख किलोमीटर पडले तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन आकड्याचा फोटो काढला होता. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, त्रास सुरू झाला.

सकाळी गाडी सुरू करून गिअरचा दांडा 'डी'वर ओढला की काहीच व्हायचं नाही. एक, दोन, तीन सेकंद गाडी गप्प. मग खाली धप्प आवाज होऊन एक हिसका आणि गाडी हलायची. दुसरा त्रास रस्त्यावरचा. पन्नास-साठच्या वेगात ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवला की सगळी गाडी थरथरायची, जणू खालून बारीक गतिरोधकांची रांगच चालली आहे.

ज्या गॅरेजात मी नेहमी जायचे तिथला मुलगा नम्र होता. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स गेलाय. नवीन टाकण्यापेक्षा गाडी काढलेली बरी."

"ऑइल बघितलंस का?" मी विचारलं.

"त्याचं ऑइल बदलायचं नसतं मॅडम."

"बदलायला नाही, बघायला सांगतेय."

तो हसला आणि पुढच्या गाडीकडे गेला.

त्यात गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. म्हणजे तीन महिन्यांत आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची. हिसका मारणारी गाडी तपासणीला नेणं मला पटेना. यांनी दोन रविवार मला शोरूममधून फिरवलं. आता ऑटोमॅटिक गाड्या ढिगानं मिळतात, विजेच्याही मिळतात. मी सात गाड्यांत बसले. सगळ्या उंच, सगळ्यांची सीट खोलगट. सातही वेळा मला पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागला. सातव्या वेळी सेल्समन मदतीला पुढे आला आणि मी "नको, नको" असं जरा जोरातच बोलले.

त्याच आठवड्यात इंटरनेटवर वाचताना मला ॲडिटिव्हचा शोध लागला. जास्त चाललेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये घालायचं औषध. कडक झालेली रबरी सीलं ते मऊ करतं, थरथर कमी करतं, असं लिहिलं होतं. खाली काही जण देव भेटल्यासारखे आनंदले होते, काही जण शिव्या देत होते. मी एक बाटली मागवली.

आता इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मोजमापातल्या चुका काढते. मोजण्याआधी भाग ठरलेल्या तापमानाला आणायचा, हे नव्या मुलांना मीच शिकवते. आणि घरच्या पार्किंगमध्ये, गार गाडीवर, मी गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी मोजायची काडी बाहेर काढली, गरम गाडीसाठी असलेल्या खुणेशी ताडून बघितली आणि ठरवलं की ऑइल कमी आहे. बाटली ओतली. वर लिटरभर ऑइलही ओतलं. मग खुणेला बरोबर टेकलं म्हणून समाधानानं हात पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळुंगेच्या अलीकडे इंजिन गुरगुरायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबला की नुसता आवाज वाढायचा, गाडी पुढे जायची नाही. बॉनेटच्या फटीतून धूर आला. मी कशीबशी कडेला घेतली. मागून कंपनीच्या बसगाड्या हॉर्न मारत जात होत्या. त्यातल्या एका बसमधून आमच्याच लाइनवरच्या दोघी खिडकीतून वाकून मला बघत होत्या. हात दाखवून मी सांगितलं, जा तुम्ही. एक टेम्पोवाला दोर घेऊन उतरला. "ओढून नेतो की मॅडम, चाकणपर्यंत." तेवढ्यात मला मामांची आठवण झाली.

मामा म्हणजे आमच्या कंपनीत गिअरबॉक्सच्या टेस्ट बेंचवर अठ्ठावीस वर्षं काम केलेले गृहस्थ. सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. चार वर्षांपूर्वी रिटायर होऊन ते जवळच्याच गावात आपल्या शेतावर कांदा करत होते. मी फोन लावला.

"ताई, तो दोर पयला सोडायला लावा," ते म्हणाले. "ऑटोमॅटिक गाडी चाकावर वढायची न्हाई, गिअरबॉक्स जळतो. म्या आलो."

वीस मिनिटांत ते मोटरसायकलवर आले. बॉनेट उघडलं, धूर कुठून येतो ते बघितलं, काडी काढली. काडीवर ताकासारखा फेस होता.

"काय वतलं?"

"एक बाटली ॲडिटिव्ह. आणि लिटरभर ऑइल."

"गार गाडीवर मोजलं?"

"हो."

त्यांनी काडी पुसली. "तुमी क्वालिटीतल्या ना?" एवढंच म्हणाले. आजवर कुठल्याही साहेबाचं बोलणं मला इतकं लागलेलं नाही.

जास्तीचं ऑइल गरम झाल्यावर फुगलं होतं, फेसाळून वरच्या हवेच्या नळीतून बाहेर पडलं होतं आणि सायलेन्सरच्या पाइपवर जळत होतं. गिअरबॉक्सला ऑइलऐवजी फेस मिळत होता, म्हणून पकड सुटत होती. मामांनी गाडी निवू दिली. मग गुरांच्या औषधाची मोठी सिरिंज आणि पातळ नळी घेऊन काडीच्याच भोकातून ऑइल ओढलं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जमा केलं. मी एका दगडावर बसून बघत होते. मला वाटलं, आता तेही सांगतील, गाडी काढा म्हणून.

त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, त्यावर ऑइलचे दोन थेंब टाकले आणि मला हुंगायला दिले.

"कसला वास येतोय?"

"जुन्या ऑइलचा."

"जळका न्हाई ना?"

"नाही."

"मग रडू नका," ते म्हणाले. मी रडत नव्हते, निदान मला तसं वाटत होतं. "काळं पडून जळका वास आला असता तर आतल्या प्लेटी खलास झाल्या म्हणून समजायचं. मग धा बाटल्या वता, काय उपेग न्हाई. हे नुसतं म्हातारं झालंय. रविवारी शेतावर आणा."

त्यांच्या शेतावर ट्रॅक्टरखाली शिरता यावं म्हणून मध्ये खड्डा ठेवून बांधलेला दगडी चौथरा होता. पुढच्या रविवारी गाडी त्यावर चढवली. मामींनी मला खुर्ची दिली आणि चहा देऊन माझ्या शेजारीच बसल्या. मामा खाली आडवे होऊन गिअरबॉक्सचा तळ उघडत होते आणि मामी मला एकामागून एक प्रश्न विचारत होत्या. पाय कधीपासून? गाडी कुणी शिकवली? पोरं हसली न्हाईत का? मी सगळ्याची उत्तरं दिली.

तळाच्या झाकणात दोन लोहचुंबक असतात. झिजलेलं लोखंड त्यांना चिकटतं. मामांनी ते हातावर घेऊन मला दाखवले. त्यांवर काजळासारखी मऊ राखाडी पेस्ट होती. त्यांनी ती बोटांनी चोळली. एकही किस नाही, एकही कण नाही.

"दोन लाखाला एवढं चालतं. तुमी गाडी मारून हाणलेली न्हाई."

मग त्यांनी मला नीट समजावलं. गिअरबॉक्समध्ये ऑइलच्या दाबावर सगळं चालतं. तो दाब रबरी सीलं अडवून धरतात. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून रबर कडक होतं, आखडतं. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब निसटतो आणि सकाळी तो पुन्हा भरायला तीन सेकंद लागतात. ॲडिटिव्ह रबर मऊ करतं, किंचित फुगवतं. "पण फाटलेलं रबर त्यानं सांधत न्हाई. आन् घाण ऑइलात औषध घातलं तर औषधच वाया जातं. आधी ऑइल बदलायचं. तेबी एकदम न्हाई. निम्मं निम्मं."

एका वेळी निम्म्याहून कमीच ऑइल बाहेर येतं, बाकीचं आत अडकून राहतं. म्हणून दर पंधरा दिवसांनी एकदा, असं तीन वेळा बदलायचं ठरलं. फिल्टर पहिल्याच दिवशी नवा बसवला.

"आणि ॲडिटिव्ह?"

"तिसऱ्या बारीनंतर. आधीच वतलं तर कशानं गुण आला ते तुमाला कळंल का?"

हे वाक्य मी ओळखत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच रोज सगळ्यांना सांगते. त्या दिवशी ते माझ्याच पदरात पडलं आणि मला बरंच वाटलं.

घरी आल्यावर मी एक वही केली. रोज सकाळी गाडी सुरू करायची, मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं, दांडा 'डी'वर ओढायचा आणि गाडी हलेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहायचं. रस्त्यावर थरथर किती वेळा झाली तेही लिहायचं. हे बाल्कनीतून बघायचे. एकदा वरून विचारलं, "पेशंटची तब्येत कशी आहे?" मी वर न बघता तीन बोटं दाखवली.

पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा थरथर थोडी कमी झाली. दुसऱ्यांदा निम्म्यावर आली. तिसऱ्यांदा बदलल्यावर तळवड्याच्या सरळ रस्त्यावर मी मुद्दाम पंचावन्नचा वेग धरून गेले, तर थरथर जवळजवळ नव्हतीच. पण सकाळचे तीन सेकंद जागचे हलले नव्हते. ऑइलनं एक दुखणं बरं केलं होतं, दुसरं तसंच होतं. त्यानंतरच्या रविवारी मामांनी जेवढं औषध घालायचं तेवढं ऑइल आधी सिरिंजनं काढलं आणि मगच माझ्या हातात नवी बाटली दिली.

"वता तुमीच. पयली चूक तुमची, दुरुस्तीबी तुमचीच."

मी ओतली. मग इंजिन चालू ठेवून, गाडी गरम करून, दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून आणून, सपाट जागेवर काडी काढली. बरोबर खुणेवर. मामांनी बघितलं आणि मान हलवली.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. तीन. तीन. सव्वातीन. आठव्या दिवशी मी वही फेकली आणि यांना म्हणाले, "उगाच केलं सगळं. तपासणीला अकरा दिवस राहिलेत."

यांनी वही उचलली, पानं चाळली. "अगं, तूच म्हणतेस ना, रीडिंग घेताना तोंड वाकडं करायचं नाही?" आणि पेन माझ्या हातात दिलं.

नवव्या दिवशी पावणेतीन. मला वाटलं, हात चुकला असेल. दहाव्या दिवशी अडीच. त्या दिवशी मी मुद्दाम चाकणहून मंचरपर्यंत जाऊन आले, कारण मामा म्हणाले होते, औषध आत फिरायला गाडी चालली पाहिजे, उभी ठेवून गुण येत नाही. बाराव्या दिवशी दोनच्या खाली आलं. मी पार्किंगमध्येच मोठ्यानं ओरडले आणि वॉचमन धावत आला. "काही झालं का मॅडम?" मी म्हटलं, "झालं! पावणेदोन झालं!" त्याला काय समजलं देव जाणे, पण तो माणूस भला, त्यानं माझं अभिनंदन केलं.

सतराव्या दिवशी दांडा ओढला आणि स्टॉपवॉच थांबवायच्या आतच गाडी पुढे सरकली. हिसका नाही, आवाज नाही. मी ब्रेक दाबून थांबले. पुन्हा 'एन', पुन्हा 'डी'. पुन्हा सरकली. मग मागे, मग पुढे. वहीत लिहायला आकडाच नव्हता, म्हणून मी नुसती एक उभी रेघ ओढली.

तपासणीच्या दिवशी हे रजा घेऊन बरोबर आले. इन्स्पेक्टर मध्यम वयाचे होते. चेसिस नंबर बघितला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न. मग माझ्या पायातल्या कॅलिपरकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्हीच चालवता?"

"पंधरा वर्षं."

"जरा पुढे घ्या. आता मागे घ्या."

मी दांडा 'आर'वर टाकला. गाडी लगेच मागे निघाली. पुन्हा 'डी', लगेच पुढे. ते खिडकीशी वाकले. "गिअरबॉक्स नवीन टाकला का?"

"नाही साहेब. तोच आहे. पहिल्या दिवसापासूनचा."

"मग चांगला सांभाळलाय," असं म्हणून त्यांनी कागदावर सही केली. पाच वर्षं वाढवून मिळाली. बाहेर आल्यावर हे शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं. मग आम्ही दोघंही हसायला लागलो आणि हसणं काही केल्या थांबेना. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा कुठे मी गाडी काढली.

घरी जाताना वाटेतल्या त्या गॅरेजासमोर मी गाडी थांबवली. बोलायला नाही. तो मुलगा दारातच उभा होता. मी त्याला हात केला, दांडा 'डी'वर ओढला आणि निघाले. एवढा माज मला त्या दिवशी माफ असावा.

दुसऱ्या रविवारी पेढे घेऊन मामांकडे गेलो. मामांनी पेढा तोंडात टाकला आणि सावध केलं. "ताई, आता दर वर्षी बाटली वतायची न्हाई हां. सील जास्त फुगलं तर तेबी वाईट. ऑइल बदलत ऱ्हावा, बस." मी कबूल केलं. बाटलीनं सगळं केलं असं मी आजही कुणाला सांगत नाही. ऑफिसात कुणी विचारलं तर म्हणते, आधी पांढऱ्या रुमालावर दोन थेंब टाक आणि हुंगून बघ, मग बाटलीचं बोलू.

मामी तोवर गाडीभोवती फिरत होत्या. वाकून आत बघत होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "ताई, ह्याला पाय एकच लागतो व्हय?"

"एकच. उजवा."

"मग मलाबी येईल का?"

मामा हसले. "आता साठीला गाडी शिकती का?"

"ट्रॅक्टरवर कधी बसू दिलं तुमी? क्लच जड हाय म्हनून सांगायचा. ह्याला क्लचच न्हाई म्हनं."

मी किल्ली मामींच्या हातात दिली. कांदा काढून झालेलं रान मोकळं होतं, सपाट होतं. मामींनी चपला काढून ठेवल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी पकडून बसल्या. मी शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवला आणि सांगितलं, पाय ब्रेकवर, दांडा खाली, आता ब्रेक हळूच सोडा. गाडी सरकली. मामी एकदम "अगं बया!" म्हणाल्या, पण त्यांनी स्टिअरिंग सरळ धरलं. रानाच्या बांधाजवळ त्यांनी पहिलं वळण घेतलं, मग दुसरं.

मामा मागून धावत ओरडत होते, "हळू! अगं, हळू!"

मामींनी आरशात बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, जरा जोरात घेऊ का?"

"घ्या," मी म्हणाले.